नंबर नसलेली नोट

विष्णुपंतांनी परत दिलेली नोट आपली नव्हेच, असं एकताला लिफाफा उघडताक्षणीच वाटलं. लहानपणी पाहिलेली नोट तंबाखूच्या डागांनी तपकिरी झाली होती. ही भलतीच स्वच्छ.

पणजोबा अंबादास महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तो देश घेतल्यावर जपानी फौजेने तिथे स्वतःच्या नोटा चालवल्या. त्यातली दहा रुपयांची एक त्यांनी खिशात घालून आणली. घरात त्यांची वस्तू उरली होती ती एवढीच. नेपियर टाउनमधले निवृत्त शिक्षक विष्णुपंत जुन्या नोटा जमवत. प्रदर्शनात मांडतो म्हणून त्यांनी ती आजीकडून, चंपाबाईंकडून, पंधरा दिवसांसाठी नेली होती.

एकता नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, नुसत्या वाटण्यावर ती थांबणारी नव्हती. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं युद्धानंतरची. अतिनील दिव्याखाली असा नवा कागद निळा चमकतो, त्याआधीचा काळपट राहतो. खोलीत अंधार करून तिने दिवा धरला. नोट निळी चमकली.

दिवा पिशवीत टाकून ती तडक स्कूटरने नेपियर टाउनला गेली. विष्णुपंतांनी हौसेने कपाटातून अल्बम काढून पुढे केला. एका पानावर तशाच चार नोटा. नंबर एकीवरही नव्हता, नुसती दोन अक्षरं छापलेली. आपली कुठली हे ओळखायचं कशावरून? पडदा ओढून तिने दिवा फिरवला. चारही काळपट राहिल्या.

“सर, यातली आमची कोणती?”

विष्णुपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “जी नेली तीच दिली. माझ्या हातात आली तेव्हाच तिला साबणाचा वास येत होता.”

बहाणा तरी बरा शोधायचा, असं पुटपुटत ती घरी आली. चंपाबाई अंगणात पातळ वाळत घालत होत्या. खोटं पकडायचं म्हणूनच तिने साबणाचं विचारलं.

“द्यायच्या आधी मीच धुतली ना,” चंपाबाई म्हणाल्या. “पावडरीच्या पाण्यात बुडवली, मंग हलकीच इस्त्री फिरवली.”

“पण काहून, आजी?”

“नोट त्यायच्या घरी जाऊन राहिली होती. आपल्या घरची वस्तू मळकी, हे आता कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही मले.”

एकताने पातळ आत नेलं आणि पदरावर दिवा धरला. तीच निळी चमक. कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात, हे तिला पाठ होतं. वेळेवर आठवलं नव्हतं.

ती पुन्हा नेपियर टाउनला गेली. माफी कशी मागायची ते शब्द वाटेत जुळवले होते. बेल वाजवली. जाळीच्या दारातून विष्णुपंतांनी तिला पाहिलं आणि “आलो” म्हणून आत वळले. आधी कपाटाचं दार लागल्याचा, मग किल्ली फिरल्याचा आवाज आला. त्यानंतर ते दार उघडायला आले.