चौथे वडील

विद्यापीठाच्या करिअर कक्षातल्या मार्गदर्शक बाईंना मुलं पाठीमागे पोपटबाई म्हणत. मुलाखतीत काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं त्या घोकून घेत. तोंडाने मात्र रोज सांगत, "मनापासून बोला. कंपन्यांना तेच हवं असतं."

त्यांच्या वर्गातली थोरली नेमकी त्या एका वाक्याला भुलली. घरात तिला याच नावाने हाक मारत. वडिलांचं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान होतं. सराव मुलाखतीत बाईंनी आयुष्यातला कठीण प्रसंग विचारला आणि तिने कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. वडिलांचे हात कापायला लागले, त्यांना साधा स्क्रू धरवेना. मग ते शेजारी बसून नुसतं सांगत आणि ती पंखे खोलत असे. गिऱ्हाईक आलं की बाबा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. ऐकताना बाईंचे डोळे भरून आले. रडल्या त्या अगदी खऱ्याच. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

पुढच्या आठवड्यात तेच उत्तर वर्गाच्या पडद्यावर झळकलं, तिचं नाव गाळून.

"नमुना म्हणून लावलंय," बाई तिला कौतुकाने म्हणाल्या. "चार जणांचं भलं होईल तुझ्यामुळे." मग वर्गाकडे वळल्या. "आपापल्या घराप्रमाणे बदलून घ्या रे."

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली, पण तिने "हो बाई" म्हटलं. बाईंच्या शिफारशीशिवाय कंपनी कुणाला बोलावत नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. दुकानाला तोवर कुलूप लागलं होतं आणि घर चालायचं तर ही नोकरी मिळायलाच हवी होती.

मुलाखतीला समोर दोन साहेब होते, एक तरुण, एक वयस्कर. कठीण प्रसंग विचारला गेलाच.

"माझ्या वडिलांचे हात कापायला लागले, तेव्हा..."

तरुण साहेबाने पेन खाली ठेवलं. "सकाळपासून हे चौथे वडील. एकाचे घड्याळजी, एकीचे शिंपी, एकाचे न्हावी. हात सगळ्यांचे कापतात. तुमच्याकडे साथ आलीय का काही?"

"सर, ही माझीच गोष्ट आहे."

"न्हाव्याचा मुलगाही असंच म्हणाला."

दोघे हसले. मग वयस्कर साहेब समजुतीने म्हणाले, "बाळ, पाठ केलेलं सोड. काहीतरी खरं सांग."

खरं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं आणि ते बाईंनी प्रसादासारखं वाटून टाकलं होतं.

"माझे वडील गेल्या वर्षी वारले," ती म्हणाली.

पुढचं आपसूक येत गेलं. दवाखाना, रिकामी खुर्ची, धाकट्यांना घातलेली समजूत. तिचा आवाज चिरकला तोही खराच होता. तरुण साहेबाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "याला म्हणतात मनापासून," तो म्हणाला. नोकरी तिथल्या तिथे मिळाली.

घरी बाबांनीच दार उघडलं. कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला. बातमी ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"काय विचारलं गं त्यांनी?"

"तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल?" ते लाजले. "मग काय सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं, बाबा."

"पहिल्या दिवशी मी येतो सोडायला. साहेबांनाही भेटेन जरा."

थोरली चपला काढायला म्हणून खाली वाकली, ती लवकर वर उठली नाही.