डावीकडचा रकाना

मोटर सुरू झाली तशी मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

नऊ नंबरच्या टेबलावरची ही परीक्षेतली शेवटची मोटर. आधीच्या आठही चालल्या होत्या, पण प्रत्येकीची काहीतरी तक्रार होती. एक घरघरत होती, एक लगेच तापत होती, एकीची तर सुरू होण्यासाठी मनधरणी करावी लागली होती. ही मात्र सुरू झाली आणि एका लयीत चालत राहिली. मिस्त्रींनी तिच्यावर तळहात ठेवला. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"मिस्त्रींना डुलकी लागली वाटतं," चार नंबरवाला हळूच म्हणाला.

"डुलकी नाही रे बाबा, ऐकतोय. तुझ्या मोटरीच्या खोकल्यानं कान किटले होते, ते जरा धुऊन घेतोय."

सगळे हसले. नऊ नंबरची बाई तेवढी हसली नाही. ती हात मागे बांधून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत उभी होती.

विद्यापीठाच्या बाह्य अभ्यास विभागात नोकरी करणाऱ्यांसाठी लहान लहान अभ्यासक्रम चालत. वरच्या मजल्यांवर परिचारिका, ग्रंथालयातले लोक, शाळामास्तर येत. तळमजल्यावर, सोळा शनिवार, जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून पुन्हा भरायला शिकवत. पुस्तकातला भाग विभागाचे सर शिकवत आणि हाताचं काम मिस्त्री. मिस्त्रींचं बाजाराच्या मागच्या गल्लीत मोटरी भरायचं दुकान होतं. आठवड्याचे सहा दिवस ते तिथे वार्निशच्या वासात बसत. शनिवारी धुतलेला शर्ट घालून विद्यापीठात येत, तेव्हा कार्यालयातली कारकून बाई त्यांना "या सर" म्हणायची. त्या दोन शब्दांसाठी ते आठवडाभर थांबत असत, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

नऊ नंबरची बाई पाणीपुरवठा खात्यातली. पंपघरात पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे तिचं काम. तिच्या कागदावर हुद्दा 'व्हॉल्व्हमन' असाच होता, म्हणून वर्गात सगळे तिला व्हॉल्व्हबाई म्हणत. पंपघरात मेकॅनिकची एकच जागा निघाली होती. ज्याच्याकडे या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, त्याला ती जागा. त्याच पंपघरातला चार नंबरवालाही त्यासाठीच आला होता. पण सोळा शनिवारांत त्याची कॉइल अडली की तो मिस्त्रींकडे यायच्या आधी व्हॉल्व्हबाईकडेच जायचा.

"मोटर उघडा," मिस्त्री म्हणाले.

तिनं मोटर उघडली. मिस्त्रींनी बॅटरी मारून आतला एकेक सांधा बघितला. तार नीट सोललेली, पीळ एकसारखा, वर कथील असं बसलेलं की बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. तसा सांधा त्यांना स्वतःला जमायला सात वर्षं लागली होती.

"बंद करा," ते एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. तोंडावर कौतुक करायचं नाही, हा त्यांच्या गुरूचा नियम होता आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

मग राहिला तो कागद.

मिस्त्रींना आकडे येत होते. तारेचा गेज, कॉइलचे वेढे, खाचा. आकड्यांवाचून तो धंदा होतच नाही. सहीही येत होती. ती त्यांनी एखाद्या नक्षीसारखी पाठ केली होती. अक्षरं मात्र येत नव्हती. विद्यापीठात लागताना जो अर्ज भरला, तो त्यांच्या बायकोनं भरला होता आणि शिक्षणाच्या ओळीत बिनधास्त 'सातवी' लिहून दिलं होतं. परीक्षेच्या कागदाची त्यांना भीती नव्हती. डाव्या बाजूला उमेदवारांचे नंबर, पुढे तीन रकाने. पहिल्या वर्षी कारकून बाईनं सांगून ठेवलं होतं: पहिला उत्तम, मधला समाधानकारक, शेवटचा नापास. तीन वर्षं त्यांनी त्याच हिशेबानं खुणा केल्या होत्या. शेवटच्यात दोन-तीनदा, बाकी सगळ्या मधल्यात. पहिल्या रकान्यात त्यांनी अजून कुणालाच बसवलं नव्हतं.

"सर, या वर्षी नवा नमुना आलाय बरं का," कागद देताना कारकून बाई म्हणाली. "सगळ्या अभ्यासक्रमांना एकच. एकदा वाचून घ्या."

"वाचतो की," म्हणून मिस्त्रींनी चष्मा पुसला. कागदावरून वरून खाली नजर फिरवली. तेच नंबर, तेच तीन रकाने. आठ जणांना त्यांनी मधल्या रकान्यात बसवलं. नऊ नंबरपाशी पेन क्षणभर थांबलं, आणि मग चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डावीकडच्या रकान्यात खूण केली. चांगली ठळक केली. खाली नक्षी काढली.

पुढच्या आठवड्यात विभागाचे सर त्यांना जिन्यात भेटले.

"मिस्त्री, नऊ नंबरचं जरा आश्चर्यच वाटलं मला. बाकी सगळे मधल्यात आणि ती एकटीच वेगळी? पुन्हा एकदा बघायचंय का?"

मिस्त्रींना वाटलं, पुस्तकवाल्यांना हाताची पारख कुठून असणार. ते ताठ उभे राहिले.

"विचार करूनच खूण केलीय सर. त्या बाईचा हात मी सोळा शनिवार बघितलाय. त्यात बदल करायचा नाही."

"तुम्ही म्हणाल तसं," सर म्हणाले. "हाताच्या कामातलं मला काय कळतंय."

पंधरा दिवसांनी भर दुपारी व्हॉल्व्हबाई दुकानात आली. मिस्त्री खुशीत होते. चहा सांगावा असं त्यांच्या मनात आलं. पण ती स्टुलावर टेकलीही नाही.

"मिस्त्री, माझं काय चुकलं ते तेवढं सांगा."

"चुकलं? कशात?"

"भांडायला नाही आले. पुस्तकाच्या पेपरात मी पहिली आहे. हातात नापास." तिनं पिशवीतून त्या परीक्षेच्या कागदाची झेरॉक्स काढली. "सरांना विचारलं, तर म्हणाले, मिस्त्रींनी विचार करून दिलंय, मी मुद्दाम विचारलं त्यांना."

मिस्त्रींनी कागद घेतला. खूण त्यांचीच होती, डावीकडेच होती, ठळक होती. ते बघत राहिले. मग तिनं बोट ठेवलं. "हे बघा ना. असमाधानकारक. आणि इकडे शेवटी उत्तम. निदान मधल्यात तरी बसले असते की नाही मी?"

तिचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं तेवढ्या वेळात मिस्त्रींना सगळं कळलं. नव्या नमुन्यात रकाने उलटे छापले होते. मधला होता तिथेच होता, म्हणून आठही जण सुखरूप पार पडले होते. चुकून कुणी बुडालं असेल, तर जिला त्यांनी सगळ्यांच्या वर बसवलं होतं तीच.

विद्यापीठ तिथून वीस मिनिटांवर होतं. सर कार्यालयात असणार. उठायचं, शर्ट बदलायचा आणि सांगायचं, मला वाचता येत नाही. सांगितल्यावर 'सातवी' निघणार. मग मागच्या तीन वर्षांचे कागद निघणार. शनिवार जाणार. "या सर" जाणार.

"सांधा," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"शेवटचा सांधा. पीळ कच्चा होता तुमचा."

"पण मोटर तर चालली ना?"

"आज चालली. सहा महिन्यांनी आतून सुटेल. घाई नडते बाई तुम्हाला."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. उलट बोलली असती, ओरडली असती, तर कदाचित मिस्त्रींच्या तोंडून खरं निघालंही असतं. पण तिनं कागदाची घडी केली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल ना?"

"येईल की."

"पीळ सुधारल्याशिवाय नाही यायची."

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. तिचे हात थांबले.

"उद्या सकाळी जा आणि सांगून टाका."

"आणि तू लिहिलेलं सातवी?"

"माझ्या नावावर घाला. म्हणा, बायको खोटारडी आहे. पण त्या बाईचं वाटोळं करू नका."

मिस्त्री उद्या गेले नाहीत. परवाही नाही. महिन्यानं कळलं की मेकॅनिकची जागा चार नंबरवाल्याला मिळाली. पुढच्या वर्षी नवा वर्ग सुरू झाला तेव्हा त्यांनी सरांना सहज विचारावं तसं विचारलं, "ती पंपघरातली बाई आलीय का हो पुन्हा?" सरांनी यादी बघितली. आली नव्हती. त्यानंतर दरवर्षी विचारत राहिले, आणि दरवर्षी उत्तर ऐकून त्यांना वाईटही वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. हे दुसरं वाटणं त्यांना जास्त बोचायचं.

मग विद्यापीठानं तळमजल्यावरचा वर्ग बंद केला. मिस्त्रींचे हात कापायला लागले, बारीक तार खाचेत बसेना, दुकानही मुलाच्या नावावर गेलं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एका दुपारी ते पाटी घेऊन बायकोसमोर बसले.

"मला उत्तम लिहायला शिकव. समाधानकारक. आणि असमाधानकारक."

"लोक अ आ इ ई पासून सुरू करतात," ती म्हणाली. "आणि तुम्हाला उडी मारायचीय थेट असमाधानकारकवर! हात मोडून घ्याल."

पण तिनं शिकवलं. दीड वर्ष लागलं. वर्तमानपत्राचे मथळे वाचता यायला लागले, दुकानांच्या पाट्या यायला लागल्या. एके दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट घातला. कुठे चाललात, हे तिनं विचारलं नाही. नुसती छत्री हातात दिली.

पंपघराच्या दारात चार नंबरवालाच भेटला. पोट सुटलं होतं, केस पांढरे झाले होते.

"अरे, मिस्त्री! खोकणारी मोटर बघायला आलात की काय?"

"तुमच्याकडची ती व्हॉल्व्हबाई…"

"मावशी? आत आहे, तीन नंबरच्या पंपाशी. खरं सांगू का मिस्त्री, सही माझी असते, पण मोटर तीच उघडते. तिनं भरलेली एकही परत आली नाही अजून." त्यानं आत हाक मारली. "मावशी, बघ कोण आलंय! तुझे मास्तर!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली. चष्मा लागला होता. मिस्त्रींना बघून तिला मनापासून आनंद झाला, आणि तो बघून मिस्त्रींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. चार नंबरवाला चहा सांगायला गेला. तिनं त्यांना पंपाच्या बाजूला लाकडी पेटीवर बसवलं.

"तुम्ही तेव्हा बोललात ना, ते माझ्या फार उपयोगी पडलं," ती म्हणाली. "सांधा मी दोनदा करते. एकदा केलेला सोडवते आणि पुन्हा पिळते. ही पोरं हसतात, म्हणतात, मावशीला चाळा लागलाय. पण मनातून जातच नाही माझ्या. केलेला सांधा कच्चाच वाटतो."

"बाई, तो पक्का होता."

"कुठला?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. नवा नमुना, उलटे रकाने, जिन्यात भेटलेले सर. थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून थांबले नाहीत.

"खूण चुकून झाली," शेवटी ती म्हणाली. "ते जाऊ द्या. पण मी दुकानात आले तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

"तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा कळलं."

"आणि मग सांधा म्हणालात."

"हो."

"सांधाच का?"

"तोंडाला आलं ते बोललो."

"तोंडाला आलं," ती म्हणाली.

"मी विद्यापीठात जातो," मिस्त्री म्हणाले. "सर आहेत अजून, भले निवृत्त झाले असतील. कागद बदलून आणतो."

"आणि तो घेऊन मी कुठे जाऊ?" ती उठली. खिडकीतल्या फळीवरून तिनं पाण्याच्या वेळा लिहायची वही घेतली, मागचं एक कोरं पान फाडलं आणि पेनासकट त्यांच्या मांडीवर ठेवलं. "लिहून द्या."

"काय लिहू?"

"आत्ता बोललात ते. सांध्याचं."

मिस्त्री लिहायला लागले. अक्षरं ओळ सोडून वर चढत होती, एक काना राहून गेला तो मागाहून घालावा लागला. चार नंबरवाला चहा ठेवून, दोघांकडे बघून निघून गेला. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती. तिनं घाई केली नाही, मदतही केली नाही.

"तारीख?" मिस्त्रींनी विचारलं. "आजची घालू, का तेव्हाची?"

तिनं विचार केला.

"आजची घाला. तेव्हाची आता कुठून आणणार?"

त्यांनी आजची तारीख घातली, खाली सही केली. या वेळी ती नक्षी नव्हती; नाव होतं, वाचता येण्यासारखं. तिनं कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. खालच्या वस्तीचं पाणी सोडायची वेळ झाली होती. ती व्हॉल्व्हच्या मोठ्या चाकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते फिरवायला लागली. चाक जड होतं. मिस्त्री पेटीवरून उठले, हात पुढे केला.

"राहू द्या," ती मागे न बघता म्हणाली. "हे मला येतं."

मिस्त्री हात खाली घेऊन उभे राहिले. जमिनीखालच्या नळातून पाणी निघाल्याचा आवाज आला. तिनं चाक थांबवलं, कान देऊन तो आवाज ऐकला, आणि मग आणखी अर्धा वेढा दिला.