उष्टे टोक

मी एक जुना ब्रश आहे, आणि मित्रांनो, मला माझीच किळस येते. ज्या दिवशी मी घरात आलो, त्याच दिवशी एका माणसाने सावध केले होते. घरच्या मालकीण गोदावरीबाई यांनी ते हसण्यावारी नेले होते.

माझे केस मंगळवेढ्याकडच्या ज्ञानबा धनगराच्या शेळीचे. ते कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, काडीला बांधले शरणप्पांनी. सोलापुरात लुगड्यांच्या काठांचे नमुने चौकटीच्या कागदावर रंगवायचे, हे त्यांचे काम. हिरव्या रंगाची पुडी आणि मला बाईंच्या हातात देताना ते म्हणाले, "बाई, ह्यो हिरवा लई वाईट हाय. पोरांस्नी ब्रश तोंडात घालू देऊ नका की."

बाई बी.ए. झालेल्या. पाणी उकळून गाळायच्या, मुलांची नखे रोज तपासायच्या. म्हणाल्या, "शरणप्पा, आमच्याकडे उष्टं चालत नाही. ब्रश कोण चाटतंय?"

श्रावण होता. गौरीपुढच्या आरासीसाठी बाईंची दोन्ही मुले चित्रे काढू लागली.

सहा वर्षांचा कमलाकर म्हैस काढायचा. शी! त्याने माझ्या काडीने कान कोरला, वर तीच अंगठ्याने पुसली. म्हशीचा रंग जमेना, तेव्हा मला थेट शेणात बुडवले. त्या कागदाला माश्या बसत.

नऊ वर्षांची प्रभा मोर काढायची. एकेक पीस केसाएवढे बारीक. पाण्याने माझे केस फुगत, टोक येत नसे. मग ती भिंतीकडे तोंड करी आणि मला जिभेवर फिरवी. कोमट, बुळबुळीत जीभ, शेंगाचटणीचा वास, त्यात तो हिरवा चिखल. दिवसातून शंभरदा! टोक मात्र सुईसारखे येई.

"बघ ताईचा मोर!" बाई म्हणत. "आणि तू रे? डुकरासारखा लोळतोयस नुसता!"

"म्हैस लोळतेच की," कमलाकर म्हणे.

पंधरा दिवसांत प्रभाला ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात कळा येत, जेवण उतरेना. बाई घाबरल्या. पाणी दोनदा उकळू लागल्या, भांडी पुन्हा घासू लागल्या. शेवटी त्यांना कारण सापडले.

"तुझ्या शेणाच्या हातांनी ताई आजारी पडली!" म्हणत त्यांनी म्हशीचे चित्र उचलले आणि पेटत्या बंबात घातले.

कमलाकर तिथेच उभा राहिला.

"मी घाणेरडा आहे. पण मी ब्रश चाटत नाही. ताई चाटते. तिनं गळ्याची शपथ घातली होती म्हणून बोललो नाही. जीभ बघ तिची!"

बाईंनी प्रभाची हनुवटी धरली. जिभेच्या मधोमध हिरवा पट्टा होता.

"पाण्यानं टोक येत नाही गं आई," प्रभा हुंदके देत म्हणाली. "आणि उष्ट्या ब्रशाचा मोर तू गौरीपुढे लावला असतास का?"

बाईंना शरणप्पांचे शब्द आठवले.

डॉक्टर म्हणाले, रंग विषारीच. आणखी आठ दिवस गेले असते तर हाती काही लागले नसते. दीड महिना मुलगी दूध आणि पेजेवर होती. वाचली. पण तिची बोटे अजून कापतात. तशी बारीक रेघ पुन्हा आली नाही. त्या वर्षी गौरीपुढे एक म्हैस होती, कमलाकरने कोळशाने काढलेली. बाईंनी ती स्वतः लावली.

मी खिडकीच्या खिळ्याला टांगलेला आहे. हिरवे कवच चढून केस दगड झालेत. त्या लाळेची चव अजून माझ्या मुळाशी आहे. माझ्याच टोकाने ते विष तिच्या पोटात गेले आणि बाई त्या टोकाचे कौतुक करत होत्या.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता मी म्हणेन, ब्रश धुऊन ठेवत जा. माझे जाऊ द्या. तुमच्या घरात एखादी शहाणी, नीटनेटकी, कधी ओरडा न खाणारी बहीण असेल. ती शहाणी म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. ती आत्ता भिंतीकडे तोंड करून बसली असेल, तर उठा. तिच्यावर रागावू नका. जवळ बसा आणि म्हणा, "आ कर पाहू."