मरून राहिला

यमुताईंनी आपली कादंबरी सिनेमाला दिली ती नावासाठी नाही, आणि पैशासाठी तर नाहीच नाही. दिराचं खरं तोंड जगाला दिसावं, एवढ्यासाठी दिली. त्या हे कुणाला सांगत नसत, पण नागपूरजवळच्या कोराडीच्या अख्ख्या वसाहतीला ते ठाऊक होतं.

कारण 'खुंटीवरची किल्ली'मध्ये नावं तेवढी खोटी होती. बाकी सगळं घडलेलं. यमुताईंचा नवरा रुपराव छातीवर हात दाबून अंगणात कोसळला, तेव्हा शेजारी धावत गेला तो त्याच्या धाकट्या भावाकडे, गिरिधरकडे. एका फोनवर ॲम्ब्युलन्स येण्याचे ते दिवस नव्हते, आणि आसपास गाडी होती ती गिरिधरचीच. "रुपराव मरून राहिला गा, गाडी काढ!" शेजारी दारातूनच ओरडला. गिरिधर ताटावर बसला होता. शेताच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद होतं. "येतो जेवून," तो म्हणाला. किल्ली खुंटीवरच राहिली. रुपराव बराच वेळ वाटेकडे डोळे लावून होता, आणि मग गेला.

यमुताई शाळेत मराठी शिकवायच्या. कोर्टकचेरी करण्यासारखं यात काही नव्हतं. जेवायला बसलेल्या माणसावर कुठलं कलम लागतं? म्हणून त्यांनी कादंबरी लिहिली. तिकडे पुण्याकडे तिचं कौतुक झालं, एक पुरस्कारही मिळाला. कोराडीत मात्र ती कुणी उघडली नाही. "वैनीनं पुस्तक लिहिलं म्हणे," गिरिधर पानठेल्यावर उभा राहून म्हणाला. "लिहू द्या ना. वाचते कोन?" मेला खरं बोलला, आणि तेच जास्त झोंबलं.

मग मुंबईहून पुष्कर आला. दिग्दर्शक, वयाने पोरगाच, पण बोलायला गोड. "ताई, पुस्तक माणसाला शोधत जावं लागतं. सिनेमा माणसाच्या घरात येऊन बसतो," तो म्हणाला. यमुताईंना हेच हवं होतं. त्यांनी एकच अट घातली. किल्लीचा प्रसंग जसाच्या तसा हवा. पुष्करने गळ्याची शपथ घेतली.

शूटिंग कोराडीतच झालं. यमुताई फिरकल्या नाहीत. परक्या माणसाला रुपरावाचा शर्ट घालून अंगणात पडताना बघण्याची त्यांची छाती नव्हती. मुलगी श्वेता जाऊन आली आणि सांगू लागली, "आई, काकांनी घर दिलं शूटिंगले. रोज साऱ्यांले जेवू घालून राहिले. त्या पुष्करच्या तर गळ्यातच पडले."

यमुताई खूप दिवसांनी मनापासून हसल्या. "घालू दे. आपल्याच घरात आपलीच फजिती मांडून घेऊन राहिला, येडा!"

नागपूरला धरमपेठेतल्या थिएटरात खास खेळ ठरला, तेव्हा यमुताई स्वतः अक्षता घेऊन दिराच्या दारी गेल्या. कित्येक वर्षांनी तो उंबरा ओलांडला. गिरिधर आणि त्याची बायको शोभाताई यांना त्यांनी मुद्दाम आपल्या पुढच्या रांगेत बसवलं. दिराची मान खाली जाताना त्यांना डोळ्यांनी बघायची होती.

सिनेमा सुरू झाला आणि खोटं कशाला बोला, यमुताई हरल्याच. दोरीवरच्या पांढऱ्या धोतरावर वीजकेंद्राची राख बसते, हे सांगायला त्यांना दोन पानं लागली होती. पडद्यावर ते एका क्षणात झालं, आणि मागे कुणीतरी नकळत आपली बाही झटकली. रुपरावाचं हसणं त्यांना कधी लिहिता आलं नव्हतं. तो नट हसला आणि त्यांनी श्वेताचा हात घट्ट धरला. नवरा परत दिसला, याबद्दल त्या पुष्करचे पाय धरायला तयार होत्या.

मग तो प्रसंग आला. भाऊ ताटावर बसलेला. शेजारी धावत आला, चौकट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा गेला रे!" भावाच्या हातातला घास ताटात पडला. त्याने खुंटीवरच्या किल्लीकडे बघितलं आणि हंबरडा फोडला. आता गाडी काढून काय उपयोग? थिएटरभर लोक डोळे पुसू लागले. पुढच्या रांगेत गिरिधरही रुमाल काढून बसला.

यमुताईंनी शेजारी बसलेल्या पुष्करचं मनगट पकडलं. "हे काय केलं? तो अजून मेला कुठं होता?"

"पुस्तकातच आहे ना, ताई. 'मरून राहिला.' म्हणजे मेला. निपचित पडून राहिला."

"कुणी सांगितलं?"

"आम्हालाही जरा शंका आली होती, म्हणून खात्री करून घेतली. तुमच्या दिरांनीच सांगितलं. मग पुढचं 'येतो जेवून' जुळेना, म्हणून तेवढं काढलं."

पुष्करला काय बोलणार? त्याच्या मराठीत माणूस आधी मरतो, मग राहतो. आमच्याकडे भात शिजून राहिला म्हणजे तो अजून चुलीवर असतो. पोरगी येऊन राहिली म्हणजे वाटेत असते. आणि माणूस मरून राहिला म्हणजे त्याला वाचवायला अजून वेळ असतो. यमुताईंचं अख्खं पुस्तक त्या वेळाचं होतं, आणि दिराने तेवढाच काढून टाकला होता. ज्याला त्या येडा म्हणाल्या, त्याने चांगली ताटं वाढून त्यांचा गळा कापला होता.

शेवटी पडद्यावर नावं सरकू लागली. 'बोलीभाषा मार्गदर्शन : श्री. गिरिधर गावंडे, कोराडी.' लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

दिवे लागले. गिरिधर ओल्या डोळ्यांनी वळला. "वैनी, लई बराबर दाखवलं. माह्या मनावरचं ओझं उतरलं पाहा." आजूबाजूचे चार लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

तेवढ्यात पुष्करने माईक पुढे केला. "ताई, दोन शब्द."

यमुताई उभ्या राहिल्या. पुस्तकी मराठी त्यांनी बाजूला ठेवली.

"मी तुमच्याशी बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "म्हणजे माहं बोलणं संपलं का गा?"

"नाही!" लोक हसले. नागपूरचेच लोक होते.

"मंग मरून राहिला म्हणजे काय?"

हसणं थांबलं. मागून एक म्हातारा सावकाश म्हणाला, "म्हणजे जीव हाये त्याच्यात."

"माह्या पुस्तकात हेच हाये. मरून राहिला, गाडी काढ. या सिनेमात तो शब्द बदलला. भाऊजी, तुम्ही सांगा ना याईले, काहून बदलला?"

सगळ्या माना गिरिधरकडे वळल्या. तो खुर्चीचा हात धरून उठला. शोभाताईंना काही कळेना. "अहो, उठले काहून? कुठं चालले?"

"घरी," तो पुटपुटला. "जाऊन राहिलो मी."

ते यमुताईंनी ऐकलं. माईक त्यांच्या हातात होताच.

"जाऊन राहिले म्हणजे गेले नाही ना अजून, भाऊजी? हायेच ना इथं, माह्यासमोर?" त्यांचा आवाज फाटला. "तसाच तोही होता!"