सिंधुबाई म्हणेल तेव्हा

"सहापर्यंत नाव कळवा, भूमिकाताई. नाहीतर आम्ही 'लाल अश्रू' टाकतो," असं म्हणून संपादकांनी फोन ठेवला.

लाल अश्रू! भूमिकाच्या अंगावर काटा आला. बाजार समितीत आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईची बेचाळिसाव्या वर्षी पहिली कथा मासिकात येणार होती. आईने, पार्वतीबाईंनी, ब्राह्मणपुरीत निम्म्या गावाला सांगूनही टाकलं होतं. आणि कथेला नावच सुचत नव्हतं. वहीत सतरा नावं लिहून झाली, सतराही खोडून झाली. शेवटी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जिच्यावर कथा लिहिली होती तिलाच गाठायला स्कूटी काढली.

सिंधुबाई नंदुरबारबाहेर धर्मचंदशेठच्या पथारीवर होती. लाल मिरची उन्हात पसरून वाळवतात ती पथारी. तिथे चाळीस वर्षं ती मिरचीचे देठ खुडत आली होती. भूमिकाने सगळं सांगितलं, तशी ती म्हणाली, "वाच मंग. पन जोरमा वाच, माले कमी ऐकू येस."

भूमिका कानाशी ओरडून वाचू लागली आणि अख्ख्या पथारीने कथा ऐकली. दुसऱ्या पानावर बायका गालात हसायला लागल्या. चौथ्या पानावर तर उघडच.

"हाई कोन बाई शे, सारखी रडी ऱ्हायनी?" सिंधुबाईने विचारलं.

"तुम्हीच, मावशी."

"मी? डोयास्ले पानी पहिला आठ दिन उनं. मंग नही उनं."

चाळीस वर्षांत डोळ्यांना पाणी फक्त आठ दिवस! भूमिकाचं तोंड एवढंसं झालं. इतक्या मायेने लिहिलेली पानं, आणि ही बाई त्यांना ओळखच दाखवत नव्हती.

तेवढ्यात धर्मचंदशेठ लगबगीने आले. फाटकाशी ट्रक उभा होता. पोती शिवायला माणसंही येऊन बसली होती.

"सिंधुबाई, माल भरवा का?"

सिंधुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तिने तळातली एक मिरची काढली, देठाजवळ मोडली, बोटांत चोळली. मग दुसरीकडची. मग तिसरी. शेठ, ड्रायव्हर, हमाल, सगळे तिच्या बोटांकडे बघत उभे होते.

"आज नही. देठजवळ वल्ली शे. भरशात ते पोतामा काळी पडी."

"ट्रक उभा शे ना, बाई."

"उभा ऱ्हाऊ दे."

शेठ क्षणभर घुटमळले. मग ड्रायव्हरला हातानेच जायला सांगितलं. एवढ्यात पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला असावा, कारण शेठ शुद्ध मराठीत बोलू लागले. "नाही हो, आज नाही निघणार. कधी? सिंधुबाई म्हणेल तेव्हा." आणि फोन खिशात टाकून ते निमूट ऑफिसकडे वळले.

भूमिका बघत राहिली. अकरा वर्षं ती या बाईला ओळखत होती. तिचे भाजलेले हात पाहिले, फाटलेल्या टाचा पाहिल्या, सगळं कथेत आणलं. ट्रक परत फिरवणारी बाई मात्र कथेत नावालाही नव्हती. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली आणि त्याहून जास्त सिंधुबाईचं कौतुक वाटलं.

"मावशी, नाव सापडलं," ती म्हणाली. "शेठ म्हणाले ना आत्ता, तेच."

सिंधुबाईने कथेच्या कागदांकडे मान उडवली. "हाई रडनं काढी टाक पहिले. नाव नंतर देख."

सहाला पाच कमी असताना भूमिकाने स्वतःच फोन लावला आणि कथा बदलायची आहे म्हणून सांगितलं. संपादक समजावत राहिले. अंक उद्या छपाईला जातोय, पहिली कथा आहे, नाव बदलून देतो हवं तर, पण मजकुराला आता हात लावता येणार नाही.

"मग या अंकात नको," ती म्हणाली.

"पुढच्या अंकाचं मी सांगू शकत नाही, ताई."

"चालेल."

घरी आल्यावर आईने दारातच कथेचं विचारलं, "पोरी, कधी येस तुन्ही गोट?" भूमिकाने आधी ताटं वाढायला घेतली. जेवणं उरकली, ताटं धुऊन झाली, मग ती कागद घेऊन स्वयंपाकघरातच बसली. जिथे जिथे सिंधुबाई रडत होती तिथे तिथे तिने आडवी रेघ मारली. नऊ पानांतली दीड पानं उरली. ती तिने चांगल्या अक्षरात उतरवून काढली आणि वर, मधोमध, नावापुरती जागा सोडली. सकाळी पथारीवर जाऊन ती पानं आधी सिंधुबाईला वाचून दाखवायची होती, नाव नंतर.