चार नंबरचे बूट

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत मृत्युंजय पट्टणशेट्टींचं दुकान होतं. वडील चनबसाप्पा तिथं दोरखंड आणि ताडपत्र्या विकायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या पोरांना पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं वेड लागलं, तसे मृत्युंजयरावांनी दोरखंड मागं सारले आणि पुढं सॅका, स्लीपिंग बॅगा, तंबू आणि डोंगरात घालायचे बूट मांडले. मुंबई-दिल्लीला जाऊन ते स्वतः माल निवडून आणायचे. दहा-बारा वर्षं दुकान असं चाललं की आषाढात खाली टेकायला उसंत नसायची. स्वतः ते जोतिबाच्या पायऱ्यांपलीकडं काही चढले नव्हते, पण गिऱ्हाईकाला सल्ला असा द्यायचे की सगळा जन्म हिमालयात गेलाय.

मग इंटरनेट आलं. पुण्यात कंप्युटरच्या कंपन्यांत लागलेली पोरं शनिवारी दुकानात यायची. चार जोड काढायला लावायची, मृत्युंजयरावांकडून नाड्या बांधून घ्यायची, दुकानात फेऱ्या मारायची आणि अंगठ्यापुढं किती जागा सुटते ते दाबून बघायची. मग "येतो काका" म्हणून निघून जायची. महिन्यानं त्यांच्याच पायात अमेरिकेहून मागवलेले बूट दिसायचे, माप मात्र पट्टणशेट्टींच्या दुकानातलं.

"मापाला हितं, मालाला तिथं!" मृत्युंजयराव येईल त्याला ऐकवायचे. लोक हसायचे. खोटं कशाला बोला, तो बाहेरचा माल सरस होता आणि बऱ्याचदा स्वस्तही पडायचा. मृत्युंजयरावांना ते पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर जास्त झोंबायचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण यांचं तर गिऱ्हाईकच पिकायचं इथं आणि माल खपायचा तिकडं.

त्यांना एकुलती एक मुलगी, शांभवी. दुकानातल्याच दोरावर लोंबकळत ती वाढली, आणि मोठी झाल्यावर खरोखरीच कडे चढायला लागली. दिवसा एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची, दुपारी बापाला जेवायला सोडून गल्ल्यावर बसायची, आणि रविवारी कुठल्यातरी सुळक्यावर असायची. दोन हजार सात साली तिच्या क्लबानं हिमाचलातलं एक बर्फाचं शिखर ठरवलं आणि चमूत तिचं नाव आलं. बापाची छाती वीतभर फुगली. गल्लीत त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

अडचण एकच होती. शांभवीचा पाय चार नंबरचा. बर्फाचे बूट मनालीत भाड्यानं मिळायचे, पण ते सगळे पुरुषी मापाचे, आणि तिचा पाय त्यात खुळखुळायचा. बापाच्या दुकानात बर्फाचा बूट नव्हताच. तिनं क्लासमधल्या सरांच्या कार्डावरून अमेरिकेतल्या एका साइटवर बायकांच्या मापाचे, चार नंबरचे बूट मागवले. घरचं सगळं टपाल वर्षानुवर्षं दुकानातच यायचं, म्हणून पत्ता दुकानाचा दिला. टपाल येतं तेव्हा आपणच गल्ल्यावर असतो, अप्पांना कळायच्या आत बूट घरी नेऊ आणि मग सवडीनं सांगू, असा तिचा हिशोब.

पण त्या दिवशी आकाराम पोस्टमन सकाळीच आला. आकाराम म्हणजे घरचाच माणूस, पट्टणशेट्टींचा चहा प्याल्याशिवाय पुढच्या गल्लीत न जाणारा. त्यानं मोठं खोकं काउंटरवर ठेवलं, वरचं इंग्रजी लेबल बोट ठेवून वाचलं आणि खो खो हसला.

"शेट, बूट हाईत की वो! अमेरिकेचे. बूटवाल्याच्या पोरीलाच बाहेरनं बूट मागवाय लागले?"

थट्टाच होती ती, पण ती नेमकी जिव्हारी लागली. मृत्युंजयरावांचा चेहरा उतरला. जगानं केलं ते केलं, आता घरातल्या लेकीनंही तेच! उद्या हे गल्लीत कळलं तर कोण कशाला पायरी चढेल?

"परत पाठवा," ते म्हणाले.

"अवो, शांभवीताईंचं नाव हाय वर."

"ती न्हाय हितं. दार बंद हुतं म्हणून लिवा. आणि तिनं इचारलं तर आलं न्हाय म्हणून सांगा."

"शेट, असं कसं..."

"आकाराम, माझं एवढं ऐकायचं न्हाय?"

आकारामनं खोकं उचललं. चहा न घेताच तो गेला, पण जाताना म्हणाला, "आठवडाभर पोस्टात ठेवतो. मन बदललं तर सांगा."

शांभवी रोज वाट बघत राहिली. साइटवर माल मुंबईत पोचल्याचं दिसायचं, पुढं काहीच नाही. आकारामला तिनं रस्त्यात गाठून विचारलं. "आलं की आणतो ताई," म्हणून तो सायकल दामटत निघून गेला. चौथ्या दिवशी तिला राहवेना. दुकान बंद करताना ती बापाजवळ आली.

"अप्पा, एक सांगू? रागावू नका. बर्फाचे बूट मी बाहेरनं मागवलेत. तुमच्याकडं तसले नसतात म्हणून. पण ते काय येईनात आणि जायची तारीख जवळ आली."

पार्सल तेव्हा पोस्टातच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक शब्द टाकला असता तर आकाराम धावत घेऊन आला असता. मृत्युंजयरावांच्या ओठांवर आलंही होतं. पण 'तुमच्याकडं तसले नसतात' हे कानात रुतून बसलं आणि ओठांवरचं परत पोटात गेलं.

"बाहेरच्यांचा काय भरवसा? पैसे घेऊन बसत्यात ते," ते म्हणाले. "मी हाय की. तुझ्या पायाचे बूट तुझा बाप करून देतोय."

आणि दिले. सुभाषनगरातल्या बाळासोंच्या घरच्या चपला पट्टणशेट्टी तीन पिढ्या घालत होते. मृत्युंजयराव शांभवीच्या पायाचं माप घेऊन त्यांच्याकडं गेले. हिरडा आणि बाभळीची साल घालून कमावलेलं जाड कातडं, आतून घोंगड्याचं अस्तर, खाली दुकानातल्या एका बुटाचा उचकटून बसवलेला रबरी तळवा. बाळासोंनीही जन्मात बर्फ बघितलेला नव्हता, पण शेटनी कोल्हापूरच्या कातड्याची इज्जत काढल्यावर ते ईर्षेला पेटले. बूट असे देखणे झाले की बघत राहावं. एरंडेल पाजून पाजून मृत्युंजयरावांनी ते मऊ केले. अमेरिकेचं खोकं तोवर परत गेलं होतं.

दुकानातल्या स्टुलावर बसवून त्यांनी स्वतः ते लेकीच्या पायात घातले. माप तंतोतंत होतं.

"बर्फात चालतील, अप्पा?"

"पळतील! कोल्हापूरचं कातडं हाय हे."

दानम्मा, त्यांची बायको, डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "मृग लागला की स्वतःच्या चपला माळ्यावर टाकताय. पाणी पितंय म्हणून. आणि पोरीला हे घालून बर्फात धाडताय?"

कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कातड्याची चप्पल पावसात घातली की भाकरीसारखी फुगते आणि तिचा जन्म संपतो. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की डोळ्यांदेखतचंही दिसत नाही.

"बर्फ म्हणजे पाणी न्हवं," मृत्युंजयराव खेकसले. "कोरडा असतोय तो."

शांभवी हसली. बापाच्या गळ्यात पडली. "अव्वा, अप्पांनी एवढं केलंय, कळत नसंल काय त्यांना? मी हेच घालून जातो." आणि गेली.

शिखर झालं. उतरताना हवा फिरली आणि सगळ्यांना एक रात्र उघड्यावर काढावी लागली. बाकीच्यांच्या पायात प्लॅस्टिकचे भाड्याचे बूट होते. शांभवीच्या बुटांनी दिवसभर बर्फ पिऊन घेतला होता, आणि रात्री तो आतल्या घोंगड्यासकट दगड झाला. सकाळी बूट पायातून निघेनात. चाकूनं कापून काढले, तेव्हा बोटं पांढरी पडली होती. कोल्हापूरला आणेपर्यंत ती काळी झाली. उजव्या पायाची सगळी आणि डाव्याची दोन बोटं डॉक्टरांनी काढली.

मृत्युंजयराव दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीचा बाप, रडणारच. कशाला रडतोय ते कुणाला ठाऊक? दानम्मानं बुटांवरून त्यांना एका शब्दानंही टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं.

डोंगर संपले. क्लासचा जिना चढणं झेपेना, म्हणून नोकरीही सुटली. शांभवी काठी टेकत दुकानात येऊन बसू लागली. आणि मग सुरू झालं ते मृत्युंजयरावांच्या वाट्याचं भोगणं. गिऱ्हाईकानं "ऑनलाइन बघतो" म्हटलं रे म्हटलं, की ती चप्पल काढून पाय पुढं करायची.

"हे बघा. मी पण बाहेरनंच मागवलं होतं. पार्सल आलंच न्हाय. त्याच्या नादात शेवटपर्यंत वाट बघत बसलो, मग अप्पांनी घाईत बूट करून दिले. ते वापरून मुरवायला वेळच मिळाला न्हाय, म्हणून असं झालं. आधीच अप्पांचं ऐकलं असतं तर पाय शाबूत असते. घ्यायचं ते डोळ्यांनी बघून, हाताळून, हितं घ्या."

गिऱ्हाईक त्या पायाकडं बघायचं आणि मुकाट खरेदी करायचं. धंदा परत उभा राहिला. मृत्युंजयराव पाठ फिरवून खोकी लावत राहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण ती बापाची बाजू घेत होती.

पुढं कधीतरी त्या साइटनं सरांच्या कार्डावर पैसे परत जमा केले. पार्सल पत्त्यावर पोचलं नाही म्हणून माघारी आलं, एवढंच त्यांनी कळवलं. शांभवीचा तोल गेला. त्याच दुपारी आकाराम टपाल घेऊन आला, तर भर दुकानात ती त्याच्यावर तुटून पडली.

"पत्त्यावर पोचलं न्हाय म्हणे! मामा, रोज हितं चहा पिताय आणि पत्ता सापडला न्हाय? तुमच्या पोस्टाच्या गलथानपणापायी माझे पाय गेले!"

आकारामनं मृत्युंजयरावांकडं बघितलं. शेट काहीतरी बोलतील म्हणून तो थांबला होता.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "सरकारी कारभार असाच असतोय."

आकारामनं टपाल काउंटरवर ठेवलं. "चुकलं ताई," एवढंच म्हणून तो पायरी उतरला. त्यानंतर तो दुकानात चहाला थांबला नाही. टपाल दारातून आत सरकवायचा आणि वर न बघता पुढं जायचा.

वर्ष गेलं. एके दिवशी आजऱ्याहून एक काजूवाले आपल्या मुलीला घेऊन आले. स्नेहल नाव तिचं. कॉलेजातून हिमालयातल्या मोहिमेसाठी तिची निवड झाली होती. पाय इवलासा, भाड्याचे बूट बसत नाहीत, इंटरनेटवरून मागवायचं म्हणतेय, असं सगळं वडिलांनीच सांगितलं. शांभवीनं चप्पल काढली, पाय पुढं केला आणि सगळं सांगितलं. पोरीनं डोळे मिटून घेतले.

"मग तुमच्या वडलांनी केले तसले बूटच करून द्या की," काजूवाले म्हणाले. "वेळ हाय आपल्याकडं. पोरगी वापरून मुरवंल चांगले."

"अप्पा, घ्या माप," शांभवी म्हणाली. "चारच नंबर हाय बघा, माझ्यासारखा."

मृत्युंजयराव फूटपट्टी घेऊन खाली बसले. स्नेहलनं पाय पुढं केला. पाचही बोटं, नखांना लाल रंग लावलेला. त्यांनी फूटपट्टी फरशीवर ठेवून दिली.

"पावणं, ते बूट न्हाय मिळायचे."

"का वो?"

"ते बर्फाचे न्हवंतच. पाणी पितंय ते कातडं. कितीबी मुरवा, बर्फात त्याचा दगड हुतोय." बोलताना त्यांनी मान वर केली नाही. "पोरीला बाहेरनंच मागवून द्या. पार्सल येतंय बरोबर. शांभवीचं पण आलतं."

मग शांभवीचा आवाज आला.

"कुठं आलतं?"

"हितंच. ह्या काउंटरवर. आकारामनं आणलंतं. मी परत पाठवलं."

"कधी?"

"तू मला सांगायच्या आधी."

"म्हंजे मी सांगितलं तेव्हा..."

"पोस्टात हुतं."

शांभवी काठीला धरून उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. "मामांना मी काय काय बोललो," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि तुम्ही उभं राहून ऐकलं."

"शांभवी..."

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. काउंटरवरचं पेन घेतलं, बुटांच्या खोक्याच्या झाकणाचा तुकडा फाडून त्यावर साइटचं नाव लिहिलं आणि तो स्नेहलच्या हातात दिला. काजूवाले गडबडून उभे होते. बापलेकीतलं हे काय ते त्यांना पुरतं उमगलं नव्हतं.

"हितनंच मागव," शांभवी तिला म्हणाली. "चार नंबरच सांग. आणि पार्सल यायच्या दिवसांत घर सोडू नको. दारात तू स्वतः उभी राहा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात पडू देऊ नको, वडलांच्यासुद्धा."

मग तिनं पायात चप्पल सरकवली आणि काठी टेकत पायरी उतरायला लागली. मृत्युंजयराव सवयीनं हात द्यायला पुढं झाले. तिनं तो बाजूला सारला आणि भिंतीला धरून उतरली.