कापड वळेपर्यंत

मुलांनो, जरा माझ्यासोबत चला. कल्पना करा, तुम्ही एका जुन्या गोदामात बसला आहात. खोकी हलवून तिथे खुर्च्या मांडल्यात, वरून दिवे टांगलेत, आणि समोर सातच वादक. पण सात जण म्हणजे सात तऱ्हा! व्हायोलिनवाल्याशेजारी ट्रम्पेटवाला, बासरीवालीला खेटून ढोलवाला, आणि एक काका तर चक्क सुताराची करवत गुडघ्यांत धरून तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवतायत. पाय थिरकावेत असा ठेका सुरू होतो न होतो, तोच त्यातून अंगाई निघते, आणि अंगाईवर डोळे मिटावेत तर सैनिकांची कवायत सुरू!

दिसलं? आता दुसऱ्या रांगेत बघा. तिथे आईशेजारी ठिणगी बसली आहे. खरं नाव वेगळं, पण पोरगी नाकावर राग घेऊनच जन्मली म्हणून आत्याने हे ठेवलं. आणि वादकांच्या मधोमध अकॉर्डियन घेऊन उभी आहे, तीच ती आत्या.

अर्धा कार्यक्रम होईपर्यंत ठिणगी खुशीत होती. मग आत्या माइकवर म्हणाली, "आता एक गंमत. ही धून मला अशीच वाऱ्यावर सापडली. कुणाचीच नाही, म्हणून आमची!"

लोक हसले. धून सुरू झाली आणि ठिणगी ताठ बसली.

ती आईची धून होती. आई घरी उशांचे अभ्रे शिवते. मशीन चालू झालं की ओठ मिटून ती हेच गुणगुणते. कोपरा आला की थांबते. सुई कापडातच ठेवून कापड दाबून धरणारा लोखंडी पाय उचलायचा, कापड वळवायचं, पाय खाली सोडायचा: खट्. मग पुढची ओळ. कापड वळवता वळवता आई मान वर करून ठिणगीकडे बघते. कामाच्या रगाड्यात तेवढंच बघणं ठिणगीच्या वाट्याला येतं.

आणि नेमक्या त्याच जागी ढोलवाल्याने धडाड्धूम केलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"आई, ही तुझी धून आहे."

"कळलं गं. हळू बोल."

"आत्याने चोरली!"

"भिंतीपलीकडे ती सराव करते, अलीकडे मी गुणगुणते. पडली असेल कानावर. गुणगुणण्याला काय मालक असतो?"

"मग पर्सचा पट्टा का पिळतेयस?"

आईने पट्टा सोडला.

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात बिस्किटाचा शेवटचा तुकडा उचलतानासुद्धा आत्या विचारते, "कुणाला हवाय का?" आणि ही अख्खी धून उचलली, ती ताकास तूर न लागू देता!

धून संपली. "पुन्हा! पुन्हा!" लोक ओरडले. आत्या खुलली. पुन्हा सुरुवात झाली. ढोलवाल्याने काठ्या उगारल्या आणि ठिणगी खुर्चीवर चढली.

"थांबा! आईचं कापड अजून वळलं नाहीये!"

सगळी वाद्यं अडखळून थांबली. करवत तेवढी कण्हत राहिली.

"खाली बस, ठिणगे," आत्या दातओठ खात म्हणाली. माइक चालूच होता.

"नाही बसणार! म्हणे कुणाचीच नाही! आयत्या बिळावर नागोबा!"

गोदाम खदखदून हसलं. ठिणगी आणखीच पेटली.

"हसू नका! त्या जागी आई माझ्याकडे बघते. तिथे ढोल कशाला?"

हसू थांबलं. आई कुजबुजली, "उतर खाली, जाऊ दे गं."

"तूच जाऊ देतेस म्हणून ती घेते!"

आत्याने पहिल्यांदाच आईकडे नीट पाहिलं. तिच्या हातातल्या अकॉर्डियनमधून फुस्स करून हवा गेली.

"ही धून माझ्या वहिनीची आहे," ती माइकवर म्हणाली. "मी विचारलं नव्हतं. वहिनी, वाजवू?"

आईने पर्स बाजूला ठेवली आणि होकारार्थी मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठिणगीने नाही वाजवल्या. "पहिल्यापासून वाजवा," ती म्हणाली. "आणि नीट!"

त्यांनी पहिल्यापासून वाजवली. कोपऱ्याची जागा आली. ढोलवाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या, सातही जण ठिणगीकडे बघत थांबले. आईने मांडीवरचे हात हळूच वळवले, मान वर केली, आणि खुर्चीवर उभ्या लेकीकडे पाहिलं.

ठिणगीचे गाल अजून रागाने तापलेलेच होते. तिने आईकडे मन भरेपर्यंत बघून घेतलं. कुणालाही घाई करू दिली नाही.

मग तिने खुर्चीवर पाय आपटला: खट्!